मिठाच्या खड्यातून पाहणारा माणूस

या लेखाची सुरुवात लायब्ररीत झाली नाही. ती झाली वाशिमच्या एका दवाखान्यात.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनचे पोते उतरवता उतरवता बाबा ट्रॉलीवरून घसरले. पाय टरकन सुजला. मानोरा तालुक्यातल्या आमच्या गावाहून त्यांना शेजाऱ्याच्या गाडीत टाकून वाशिमला आणलं. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढायला सांगितला. माझ्या डोक्यात अजून ती जुनीच फिल्म होती. अंधाऱ्या खोलीत धुतलेली, क्लिपला लटकवलेली, पाणी टपकणारी. इथे तसलं काहीच नव्हतं. तिथल्या भाऊंनी एक चपटी पेटी बाबांच्या पायाखाली सरकवली, बटण दाबलं, पेटी काढून नेली आणि कोपऱ्यातल्या मशीनच्या फटीत घातली. मिनिटभरात पडद्यावर बाबांची नळी दिसायला लागली. हाडात केसाएवढी चीर होती.

बाबांचं प्लास्टर सुरू झालं तसा मी त्या भाऊंजवळ गेलो. त्यांनी सांगितलं की पेटीतली प्लेट आता मशीनमध्येच प्रखर उजेडाने पुसली जाईल आणि पुढच्या पेशंटला तीच लागेल. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, त्यामुळे स्वस्थ बसवेना. पेटीला वायर नाही, बॅटरी नाही, चिप नाही. मग पायाखालून काढल्यापासून मशीनमध्ये घालेपर्यंत ते चित्र राहतं कुठे? भाऊ मनमोकळे हसले. प्लेटवर कसल्यातरी पावडरचा थर असतो, एवढंच आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणाले.

होस्टेलवर परत आलो आणि शोध सुरू केला. ती पावडर म्हणजे साधारणपणे बेरियम फ्लुओरोब्रोमाइड, आणि त्यात थोडासा युरोपियम. रसायनशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर एक प्रकारचं मीठच! एक्स-रे पडला की त्यातले काही इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिकातल्या रिकाम्या जागांमध्ये जाऊन अडकतात. जिथे जास्त किरण पोचले तिथे जास्त अडकतात, जिथे हाड आडवं आलं तिथे कमी. मशीनमधला लाल लेसर त्यांना मोकळं करतो, आणि सुटताना निळसर प्रकाश बाहेर पडतो. तो मोजला की झालं चित्र. त्या रिकाम्या जागांचं नाव वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. एफ सेंटर!

पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या पेपरला हीच शॉर्ट नोट होती, चार मार्कांची. मी त्यात एफ म्हणजे फ्रेंकेल असं ठोकून दिलं होतं. मिळाले शून्य. त्या चार मार्कांची परतफेड म्हणून हा लेख लिहितोय, असं समजा. कारण एफ सेंटरच्या मागे एक माणूस आहे, ज्याने आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं मिठाच्या खड्यातून आरपार पाहण्यात घालवली. त्यांचं नाव रॉबर्ट विचार्ड पोल.

पोल यांचा जन्म 10 ऑगस्ट 1884 चा, जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरातला. वडील जहाजांचे इंजिनिअर. म्हणजे घरात यंत्रांचीच भाषा. शिकायला ते आधी हायडेलबर्गला आणि मग बर्लिनला गेले, आणि 1906 मध्ये एमिल वारबुर्ग यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. हॅम्बुर्गचाच जेम्स फ्रांक नावाचा विद्यार्थी त्यांचा जिवाभावाचा मित्र झाला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

तरुणपणी पोल यांनी हात घातलेले विषय पाहिले की आपल्या ब्रँचच्या मुलांना आपलाच माणूस वाटेल. 1910 मध्ये त्यांनी विजेच्या साहाय्याने चित्रं दूरवर कशी पाठवायची यावर छोटं पुस्तक लिहिलं. 1912 मध्ये एक्स-रेच्या भौतिकीवर दुसरं. पहिल्या महायुद्धात ते बिनतारी संदेशाच्या कामात होते. त्या धामधुमीतच 1916 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली, पण प्रत्यक्ष काम युद्ध संपल्यावरच हातात आलं.

ग्योटिंगेन म्हणजे त्या काळात भौतिकशास्त्राची पंढरीच म्हणा. 1920 च्या दशकात तिथे तिघे जण शेजारी शेजारी काम करत होते. सिद्धांताकडे मॅक्स बॉर्न, अणूंच्या प्रयोगांकडे जेम्स फ्रांक आणि घन पदार्थांकडे पोल. बॉर्न आणि फ्रांक यांच्याकडे जगभरातून मुलं यायची, कारण क्वांटम यांत्रिकीचा जन्म तिथेच होत होता. पोल यांच्या खोल्यांमध्ये मात्र भट्ट्या तापत होत्या आणि मिठाचे खडे वाढत होते.

मीठच का? इथेच या माणसाचं सगळं गमक आहे.

आधी पोल आणि त्यांचे सहकारी बर्नहार्ड गुडेन हिरा, झिंक सल्फाइड अशा स्फटिकांवर प्रकाश टाकून त्यांच्यातून वीज कशी वाहते ते मोजत होते. अडचण अशी की निसर्गात सापडलेला प्रत्येक खडा वेगळा. एकाचं मोजमाप दुसऱ्याला लागू पडत नाही. अशुद्धी किती, कुठे, काहीच हातात नाही. मग पोल यांनी ठरवलं की आपला स्फटिक आपणच वाढवायचा, आणि पदार्थ असा घ्यायचा की जो सर्वांत साधा असेल, शुद्ध करता येईल आणि आरपार दिसेल. सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, पोटॅशियम ब्रोमाइड, म्हणजे आपलं मीठ आणि त्याची भावंडं. 1926 मध्ये ग्योटिंगेनच्याच स्पायरो किरोपोलस यांनी युक्ती काढली. मीठ वितळवायचं, एक थंड ठेवलेला बीजस्फटिक वरून त्या रसाला टेकवायचा आणि हळूहळू वाढू द्यायचा. त्यातून मोठाले, काचेसारखे स्वच्छ खडे मिळायला लागले. तीच पद्धत आज एलईडीसाठी लागणारा नीलम वाढवायला वापरतात.

आता जरा मेसमधलं मीठ हातात घ्या. पांढरं दिसतं ना? पण एक जाडा खडा उजेडाकडे धरला तर तो पारदर्शक असतो. ढीग पांढरा दिसतो तो असंख्य पृष्ठभागांवरून उजेड विखुरतो म्हणून. खडा पारदर्शक का, त्याचं उत्तर असं. मिठातला इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून उठवायला साधारण 8 ते 9 इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाकडे असते जेमतेम 1.6 ते 3.1. त्यामुळे प्रकाश येतो तसा निघून जातो. त्याला अडवणारं कोणीच नाही.

पण तोच खडा सोडियमच्या वाफेत तापवला किंवा त्यावर एक्स-रे सोडले तर तो पिवळा, तपकिरी होतो. पोटॅशियम क्लोराइड जांभळं होतं. पोटॅशियम ब्रोमाइड निळं. गोष्ट जुनीच होती, 1896 मध्ये गोल्डश्टाइन यांनी कॅथोड किरणांनी मिठाला रंग आणून दाखवला होता. पण रंग येतो कशाने? एखाद्याला वाटेल की आत धातू शिरला, त्याचा तो रंग. पण मीठ सोडियमऐवजी पोटॅशियमच्या वाफेत तापवलं तरी पिवळंच होतं! म्हणजे रंग बाहेरून आलेल्या धातूचा नाही, तर खड्याच्या स्वतःच्या घडणीतल्या कुठल्यातरी बिघाडाचा आहे. पोल यांनी त्याला रंगाचं केंद्र असं नाव दिलं. जर्मन भाषेत रंगाला फार्ब म्हणतात. एफ सेंटरमधला एफ हा तो. फ्रेंकेलचा नव्हे!

हा बिघाड म्हणजे नेमकं काय, ते 1937 मध्ये डच शास्त्रज्ञ डी बूर यांनी सुचवलं आणि ते बरोबर ठरलं. स्फटिकात एका जागेवरचा क्लोरीनचा ऋण आयन गायब असतो. त्या मोकळ्या जागेभोवती सगळे धन सोडियम आयन. साहजिकच तिथे एक भटका इलेक्ट्रॉन येऊन बसतो. आता आठवा पहिल्या वर्षातलं पार्टिकल इन अ बॉक्स, जे आपण नुसतं पाठ केलं. हा इलेक्ट्रॉन म्हणजे खराखुरा पेटीतला कण. पेटी लहान तर ऊर्जेच्या पायऱ्यांमधलं अंतर जास्त, पेटी मोठी तर कमी. मिठाच्या जाळीचं माप 5.64 अँगस्ट्रॉम, तिथला इलेक्ट्रॉन निळ्या बाजूचा, साधारण 460 नॅनोमीटरचा प्रकाश गिळतो, म्हणून खडा पिवळा. पोटॅशियम क्लोराइडचं माप 6.29, तिथे हिरवा गिळला जातो, म्हणून जांभळा. पोटॅशियम ब्रोमाइडचं 6.60, तिथे नारिंगी जातो, म्हणून निळा. पोल यांचा विद्यार्थी एरिख मोलवो याने 1931 मध्ये मोजून दाखवलं की गिळलेल्या प्रकाशाची वारंवारता जाळीच्या मापाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे पेटीचं सूत्रच! आणि त्यासाठी स्फटिक फार बिघडावा लागत नाही. लाखात एखादी जागा रिकामी असली तरी रंग डोळ्यांत भरतो.

हे वाचताना मला आपल्याकडचं मीठ आठवत होतं. माझा रूम पार्टनर पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा. त्याच्या घरी अजून सांगतात की पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखात फिरायचे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं, आणि त्याच जिल्ह्यातल्या दहीहंड्याला 1930 मध्ये लोकांनी त्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून सरकारचा कायदा मोडला. त्याच सुमारास तिकडे ग्योटिंगेनला पोल यांची मुलं मिठाचे खडे रंगवत बसली होती. एकाच पदार्थावर जगाच्या दोन टोकांना किती वेगळा जीव लावला गेला, पहा.

पोल यांच्या घरातही मीठ होतं म्हणायचं. त्यांची पत्नी टुसा ही माडेलुंग घराण्यातली. तिचा भाऊ एर्विन माडेलुंग म्हणजे तोच, ज्याच्या नावाचा स्थिरांक आपण मिठाच्या जाळीची ऊर्जा काढताना वापरतो, 1.748 वाला. सासर-माहेर दोन्हीकडे सोडियम क्लोराइड!

शिक्षक म्हणून तर त्यांची ख्याती फारच मोठी. तासाला फळ्यापेक्षा प्रयोगावर भर. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसावं म्हणून ते उपकरणाच्या मागे दिवा ठेवून त्याची मोठी सावली भिंतीवर पाडत. त्यांच्या पुस्तकांच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. रेझोनन्स शिकवायला तांब्याचं एक चाक असतं, त्याला स्पायरल स्प्रिंग, बाजूला मोटर आणि एडी करंटचा ब्रेक. तेही त्यांच्याच नावाने, पोलचा लंबक म्हणून ओळखलं जातं. दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट वर्गातही होता आणि प्रयोगशाळेतही. सिद्धांतापेक्षा डोळ्यांवर त्यांचा विश्वास जास्त.

आणि त्यांनी काय दाखवलं म्हणता? चक्क वाहणारे इलेक्ट्रॉन! पोटॅशियम ब्रोमाइडचा स्वच्छ खडा चांगला तापवायचा, त्यात टोकदार कॅथोड खुपसायचा आणि व्होल्टेज द्यायचं. टोकापासून निळा ढग निघतो आणि हळूहळू खड्यात पसरत जातो. दिशा उलटी केली की ढग मागे फिरतो आणि खडा पुन्हा स्वच्छ. आपण सर्किटमधला करंट मीटरवर वाचतो. या माणसाच्या मुलांनी तो नुसत्या डोळ्यांनी जाताना पाहिला.

मग 1933 साल उजाडलं. हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात झाली. फ्रांक यांना युद्धातल्या नोकरीमुळे सवलत मिळाली असती, पण त्यांनी निषेध म्हणून स्वतःच राजीनामा दिला आणि देश सोडला. बॉर्न यांना दूर केलं गेलं. ते इंग्लंडला गेले, आणि पुढे 1935-36 मध्ये काही महिने सर सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला येऊन राहिले. तिघांमधले दोघे गेले, पोल राहिले. ही जागा वाचताना मी बराच वेळ थांबलो. राहणाऱ्याने काय करायला हवं होतं हे इतक्या वर्षांनी होस्टेलच्या खोलीत बसून सांगणं सोपं आहे. पण शेजारच्या खोल्या रिकाम्या झालेल्या इमारतीत रोज कामाला जायचं, हे काही सोपं नसणार. एवढं मात्र खरं की दोस्ती तुटली नाही. युद्धानंतर फ्रांक ग्योटिंगेनला परत येऊन भेटत राहिले, आणि 1964 मध्ये अशाच एका भेटीत त्याच गावात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आता आपल्या ब्रँचसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 1933 च्या सुमारास पोल यांनी एका व्याख्यानात असा अंदाज केला होता की रेडिओतल्या व्हॅक्यूम ट्यूबची जागा पुढेमागे छोटे स्फटिक घेतील. आणि 1938 मध्ये त्यांनी व रुडॉल्फ हिल्श यांनी ते करूनही दाखवलं! पोटॅशियम ब्रोमाइडचा खडा, दोन टोकांना दोन इलेक्ट्रोड आणि मध्ये ट्रायोडच्या ग्रिडसारखी तिसरी बारीक तार. तारेवरचा छोटा बदल खड्यातून जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला कमी-जास्त करत होता. म्हणजे अँप्लिफायर! बेल लॅबचा ट्रान्झिस्टर आला डिसेंबर 1947 मध्ये. पोल आणि हिल्श त्याच्या नऊ वर्षं आधी घन स्फटिकात तीन पायांचा अँप्लिफायर करून मोकळे झाले होते.

मग आपण आज खिशात मिठाची चिप घेऊन का फिरत नाही? कारण तो अँप्लिफायर सेकंदाला साधारण एका आवर्तनापर्यंतच साथ देत होता. एक हर्ट्झ! त्यावर रेडिओ काय लागणार? मिठात इलेक्ट्रॉन सरळ धावत नाही, तो जागोजागी रिकाम्या खोपट्यांत अडकतो, उष्णतेने सुटतो, पुन्हा अडकतो. शिवाय तापलेल्या मिठात आयन स्वतःच हलायला लागतात. जर्मेनियम आणि सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुसाट पळतो, पण ते दिसायला काळपट, धातूसारखे. त्यांच्यातून उजेड आरपार जात नाही, आतला इलेक्ट्रॉन कुठे पोचला ते डोळ्यांना कळत नाही.

म्हणजे पहा, पोल यांनी मीठ निवडलं कारण त्यात इलेक्ट्रॉन दिसतो. आणि इलेक्ट्रॉन दिसतो याचं कारणच हे की तो अडकत अडकत, रंग सोडत, गोगलगाईसारखा जातो. ज्या गुणामुळे ते शिकले त्याच गुणामुळे त्यांचं यंत्र हरलं. ट्रान्झिस्टरचं 1956 चं नोबेल दुसऱ्यांना गेलं. फ्रांक यांना 1925 मध्ये, बॉर्न यांना 1954 मध्ये नोबेल मिळालं होतं. पोल यांना ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

मला आधी याचं वाईट वाटलं. आपल्याकडे प्रोजेक्ट चालला नाही की तो फेल, असाच हिशेब असतो. व्हायवाला आउटपुट विचारतात. पण पोल यांच्या खड्यांतून काय निघालं ते पाहिलं तर हिशेब बदलतो. 1937 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला त्यांनी आपलं काम मांडलं आणि तिथल्या नेव्हिल मॉट यांनी गर्नी यांच्यासोबत त्यावर सिद्धांत उभा केला. 1940 चं त्यांचं आयनिक स्फटिकांवरचं पुस्तक घन पदार्थांच्या भौतिकीतला पाया मानलं जातं. स्फटिकातला बिघाड ही काही कचऱ्यात टाकायची गोष्ट नाही, ती मोजता येते, मुद्दाम घालता येते आणि कामाला लावता येते, हे लोक मिठावर शिकले. सेमिकंडक्टरमध्ये आपण डोपिंग करतो त्यामागे हीच समज आहे.

आणि एफ सेंटर स्वतःही वाया गेलं नाही. एक्स-रे विभागात काम करणारे छातीला जो बॅज लावतात, त्यात स्फटिकांचे बिघाड किरणांचा हिशेब साठवून ठेवतात. नंतर तापवलं की प्रकाश देऊन तो सांगतात. आपल्या देशात भाभा अणुसंशोधन केंद्राने त्यासाठी डिस्प्रोशियम घातलेलं कॅल्शियम सल्फेट वापरात आणलं. असे प्रकाश देणारे क्षार तयार करून तपासण्याचं काम आपल्या विदर्भात नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही कित्येक वर्षं झालं आहे. आणि दवाखान्यातली ती चपटी पेटी तर तुम्हाला सांगितलीच.

पोल 1952 मध्ये निवृत्त झाले आणि 5 जून 1976 रोजी ग्योटिंगेनलाच, 91 वर्षांचे होऊन वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट ओटो पोल हाही घन पदार्थांचाच भौतिकशास्त्रज्ञ झाला, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात.

बाबांचं प्लास्टर निघालं तेव्हा पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. तीच पेटी, तेच मशीन. चीर भरून आली होती. त्या भाऊंना मी पावडरची सगळी गोष्ट सांगितली. मागे दोन पेशंट ताटकळले तरी त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. बाबांनी बाहेर आल्यावर एवढंच विचारलं की मिठाचा आणि त्यांच्या हाडाचा काय संबंध. मी म्हटलं, तुमच्या हाडातली चीर त्या खड्यातल्या रिकाम्या जागांमुळे दिसली. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण चालताना काठी त्यांनी माझ्या हातात दिली.

ज्युनियर मित्रांनो, तुमच्या पेपरला ही शॉर्ट नोट आली तर सोडू नका. एफ म्हणजे फार्ब, फार्ब म्हणजे रंग. चार मार्क पक्के!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन